रणवरे सरांची शिकवणी

मधल्या सुट्टीत शिपायाने निरोप आणला की कुणी पालक भेटायला आल्या आहेत. सुषमा हातावरचा खडू झटकत व्हरांड्यात आली. दौंडच्या त्या शाळेत ती सहावी-सातवीला मराठी शिकवायची, आणि पालक आले की बहुधा मार्कांसाठी यायचे. ही बाई मार्कांचं काही बोलली नाही. तिचं नाव रुपाली, मुलगी पाचवीत होती. मुलीने घरी सांगितलं होतं की कोळपेबाई, म्हणजे सुषमा, ज्यांना अजिबात वाचता येत नाही त्यांनाही वाचायला शिकवतात, म्हणून ती आली होती. घरी सासरे होते. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, पुढे थोडी परत आली, पण बोलणं परत आलं नाही. समजतं सगळं, ती म्हणाली, पण तोंडातून नुसतं ता-ता येतं, आणि पेपर समोर धरला तर अक्षरांकडे नुसते बघत राहतात, जशी दुसऱ्याच कुणाच्या घरची माणसं दारात उभी आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम सांगितल्या होत्या, पण सासऱ्यांना दर आठवड्याला गाडीत चढवायचं-उतरवायचं जमत नव्हतं. बाईंनी संध्याकाळी थोडा वेळ घरी यावं, एवढंच तिचं मागणं होतं. मामा स्वतः मराठीचे शिक्षक होते, असंही ती म्हणाली. सुषमाने सहज नाव विचारलं. रणवरे, ती म्हणाली. हरिभाऊ रणवरे.

सुषमाला आधी काहीच वाटलं नाही. मग कानामागून काहीतरी गरम खाली उतरत गेलं, मानेपर्यंत, खांद्यापर्यंत, आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत. समोरची बाईही त्या हसण्याकडे बघून धीर आल्यासारखी हसली. येईन, सुषमा म्हणाली. सोमवारपासून येईन.

त्या दुपारी सातवीला प्रकट वाचन होतं. शायना नावाची मुलगी उभी राहून वाचत होती. धड्यात ‘म्हणजे’ होतं तिथे ती प्रत्येक वेळी ‘म्हंजी’ वाचायची, आणि मागच्या बाकावर कुणीतरी नाकातून हसलं. अशा वेळी काय करायचं ते सुषमाला नीट ठाऊक होतं, नोकरी लागल्यापासून ती तेच करत आली होती. तिने हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही. फळ्यावर तिने ‘म्हंजी’ लिहिलं, स्वच्छ, मोठ्या अक्षरात, आणि विचारलं की हे घरी कोण कोण म्हणतं. आधी दोन हात वर आले, मग वर्गातले जवळजवळ सगळेच. मग त्याच्या शेजारी तिने ‘म्हणजे’ लिहिलं आणि सांगितलं की हे पुस्तकातलं, ते घरचं, दोन्ही आपलीच, फक्त कुठलं कुठे वापरायचं ते आपण शिकायचं. शायनाने पुढची ओळ वाचली. या वेळी ‘म्हणजे’ आलं. सुषमा मान हलवत होती, आणि तिला स्वतःचाच आवाज दुरून आल्यासारखा वाटत होता, कारण डोक्याच्या आत दुसराच एक फळा होता. त्याच्यावर मधोमध उभी रेघ होती, डावीकडे ‘शुद्ध’ लिहिलेलं, उजवीकडे ‘अशुद्ध’, आणि ते अक्षर इतकं सुंदर होतं की आजही तिला स्वतःचं अक्षर त्याच वळणाचं आहे हे कबूल करावं लागायचं. ‘ळ’ची गाठ, ‘श’चं डोकं, सगळं त्यांचं. नोकरीच्या चौदा-पंधरा वर्षांत तिने किती वेळा ते वळण मोडायचा प्रयत्न केला होता, आणि घाईत लिहायला लागली की ते परत यायचं.

तिचं माहेर म्हणजे वरवंडच्या अलीकडची वस्ती. आजोबांच्या वेळेपर्यंत मेंढरं होती, पावसाळा संपला की कळप घेऊन निघायचं. वडिलांनी मेंढरं विकून जमीन धरली आणि घर एका जागी बसलं. वस्तीवरून शाळेत जाणारी ती पहिली मुलगी. शाळा हमरस्त्याच्या कडेला होती, आणि सातवीला मराठी शिकवायला रणवरे सर होते. पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात कधी छडी नाही. मारत नसत, म्हणून गावात त्यांचं नाव होतं. त्यांची रीत वेगळी होती. वाचताना चुकलेल्या मुलाला ते फळ्याच्या उजव्या बाजूला, ‘अशुद्ध’खाली, तास संपेपर्यंत उभं करत. सुषमा त्या वर्षी तिथे इतक्यांदा उभी राहिली की भिंतीच्या त्या भागातल्या पोपड्यांचे आकार तिला पाठ झाले होते. पण ते ती विसरली असती. मुलं विसरतात. एकदा तिला ताप आला आणि ती शाळेत गेली नाही, दुसऱ्या दिवशी ती गेली आणि मागोमाग तिची आई आली, ते ती विसरू शकली नाही. अनसाबाई वर्गाच्या दारात उभी राहिली, चपला हातात, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत. सरांनी तिला फार अदबीने आत बोलावलं. काय काम काढलंत, असं विचारलं. आई म्हणाली, “पोरीला ताप हुता गुरुजी. म्हून काल धाडली न्हाई.”

सर म्हणाले, “पुन्हा सांगा बाई, मागच्या मुलांना ऐकू गेलं नाही.”

आईने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. सरांनी वर्गाला बोटं वर करायला लावली, एका चुकीला एक बोट, आणि आईला तिसऱ्यांदा बोलायला लावलं. चाळीस-पन्नास हात वर झाले, पोरं खिदळायला लागली, आणि दारातल्या त्या बाईला वाटलं की पोरं आपल्यावर खूष झाली आहेत. तीही हसली. पदर तोंडाला लावून, लाजून, मनापासून हसली. सुषमा तिसऱ्या बाकावर होती. संपत नावाचा तिच्या शेजारचा मुलगा दोन्ही हातांची बोटं वर करून नाचवत होता. आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून आई बापाला सांगत होती की मास्तर लई मायाळू हाय, मला तीनदा बोलाय लावलं, आन् पोरं बी गुणाची हाईत. सुषमाने तिला कधीच सांगितलं नाही. दोन हजार एक साली आई गेली तेव्हाही, शेवटच्या आजारात, ती कुणाला तरी तेच सांगत होती, की माझ्या सुषीचे मास्तर लई मायाळू होते.

रणवऱ्यांचं घर रेल्वेलाइनीच्या बाजूला, वरच्या मजल्यावर होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर सुषमा जिना चढली. सर गॅलरीत आरामखुर्चीत होते. आधी तिला तो दुसराच कुणी म्हातारा वाटला. गाल बसलेले, ओठाचा उजवा कोपरा खाली आलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेल्या वस्तूसारखा. सदऱ्याच्या बाह्या मात्र तशाच दुमडलेल्या होत्या. सुनेने दुमडल्या असतील. रुपालीने ओळख करून दिली की या कोळपेबाई. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली. ओळखीचं काही दिसलं नाही. कसं दिसणार? त्यांच्या हाताखालून शेकडो मुलं गेली असतील, आणि ठोंबऱ्यांची दोन वेण्यांची ती काळी पोर आता कोळपेबाई झाली होती, चष्मा होता, पर्स होती, आणि बोलायला लागली की कुणालाही वाटावं ही पुण्यात सदाशिव पेठेत वाढली.

पुढ्यात स्टुलावर पाण्याचा पेला होता. शिकवायला सुरुवात कशाने करायची ते तिने दोन दिवस ठरवलं होतं. समोरची वस्तू, तिचं नाव, सावकाश, ओठ दिसतील असं. लहान मुलांसाठी जे करतो तेच. रुपाली दाराला टेकून बघत होती. सुषमाने पेला उचलला, त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, तोंड उघडलं, आणि जो शब्द यायचा त्याच्याऐवजी दुसरा आला.

“पानी,” ती म्हणाली.

सरांचे डोळे पेल्यावरून तिच्या तोंडाकडे आले. तिथे क्षणभर थांबले. ती पुन्हा म्हणाली, पानी. तिसऱ्यांदा म्हणाली. आता तिला कळलं होतं की आपण काय करणार आहोत, आणि ते इतकं सोपं होतं, इतकं हाताशी होतं, की तिला स्वतःचंच नवल वाटलं. या माणसाचा फळा पुसून कोरा झाला होता, आणि खडू तिच्या हातात आला होता.

‘पानी’ यायला बरेच दिवस लागले. पहिला ‘पा’ आला तेव्हा सरांच्या कपाळावर घाम होता आणि रुपाली देवाजवळ दिवा लावायला आत पळाली. मग ‘हाय’ आलं. मग ‘न्हाई’. मग ‘व्हय’. सुषमा पाटी घेऊन यायची, पाटीवर तेच लिहायची, सरांच्या डाव्या हाताला पेन्सिल देऊन गिरवून घ्यायची. तिची शिकवायची पद्धत चोख होती, तिच्या वर्गात ती जशी शिकवायची तशीच, तितकीच न कंटाळता, आवाज न चढवता. फक्त शब्द वेगळे होते. ‘ण’ तिने त्यांना दाखवलाच नाही. एकदा रुपाली चाचरत म्हणाली की मामा पूर्वी असं बोलत नव्हते, घरात कुणी ‘न्हाई’ म्हटलं तर ताटावरून उठायचे. सुषमाने तिला शांतपणे समजावलं की झटक्यानंतर सोपे आवाज आधी घ्यायचे असतात, अवघड मागून, घाई केली तर आहे तेही जाईल. हे सांगताना तिने जो आवाज लावला होता तो तिच्या ओळखीचा होता. त्या आवाजापुढे तिची आई चपला हातात घेऊन उभी राहिली होती. रुपालीनेही तशीच मान डोलावली.

घरी तिने हे फक्त नवऱ्याला सांगितलं. मल्हारी रेल्वेत पॉइंट्समन होता, सगळं ऐकून घेणारा, फार न बोलणारा माणूस. जेवता जेवता तो थांबला. त्याचं म्हणणं पडलं की म्हातारं माणूस हाय, सोडून दे. ती भाकरी मोडत राहिली तेव्हा तो पुढे म्हणाला, “आन् त्याला ठावं तरी हाय का, तू कोण ते? ज्याला ठावं न्हाई त्याचा सूड कसला?”

“मला ठावं हाय की,” ती म्हणाली. पण तो प्रश्न तिच्या अंगात काट्यासारखा राहिला. रोज जिना चढताना ती सरांच्या चेहऱ्यात शोधायची, की यांना आतून कळतंय का. आपण जे बोलतो आहोत ते कुठल्या बाजूचं, रेघेच्या उजवीकडचं, हे यांना टोचतंय का. तो चेहरा अर्धा मेलेला होता आणि उरलेला अर्धा नुसता मेहनत करत असायचा.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ती गेली तेव्हा पाटीवर आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. वेडंवाकडं, डाव्या हाताचं. शेजारी पेपर उघडा होता आणि मथळ्यातल्या एका शब्दावर बोट दाबून धरलेलं होतं. पाटीवर होतं: आहे. मात्रा पाटीच्या कडेपर्यंत गेली होती, तरी शब्द पुरता होता. सरांनी तिला पाटी दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी चमकलं, एखाद्या मुलाने घरून न सांगता अभ्यास करून आणावा तसं. कुठल्याही वर्गात कुठल्याही मुलाने असं केलं असतं तर सुषमाने त्याला जवळ घेतलं असतं. तिने पाटी हातात घेतली. तळहाताने तो शब्द पुसला, पूर्ण, राख पुसावी तसा, आणि त्या जागी लिहिलं: हाय.

“म्हणा,” ती म्हणाली.

सरांनी तोंड मिटलं. खालच्या लाइनीवरून मालगाडी जात होती, गॅलरीचे गज बारीक थरथरत होते. सर समोर बघत राहिले. त्यांनी हट्ट धरला होता हे तिला दिसलं, आणि तिच्या छातीत आनंदासारखं काहीतरी उसळलं, कारण हट्ट धरायचा तर आधी कळायला हवं. तिने पाटी खाली ठेवली, पर्स खांद्याला लावली आणि उठली. दाराशी पोचायच्या आत मागून आवाज आला. ओला, फाटका, एकेक अक्षर ओढून काढलेला.

“हा…य.”

ती परत येऊन बसली. त्या दिवशी बाजारातून घरी जाताना तिला सगळं लख्ख दिसत होतं, टोपलीतली वांगी, दिव्याखालची माणसं, पोलीस चौकीसमोर उभ्या असलेल्या बायका. तिला सपाटून भूक लागली होती. रात्रीच्या भाकरी तिने स्वतः थापल्या आणि मल्हारीच्या बरोबरीने जेवली. तो म्हणाला, आज खुशीत दिसती. तिने व्हय म्हटलं, आणि तो शब्द तिच्या तोंडात गोड लागला.

एप्रिलमध्ये रुपालीने तिला एक छापलेलं कार्ड दाखवलं. एक्याण्णवच्या सातवीच्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, दौंडमध्येच, एका मंगल कार्यालयात, आणि त्यात सरांचा सत्कार होता. खाली निमंत्रक म्हणून संपतचं नाव होतं. वरवंडला त्याचा खतांचा मोठा धंदा आहे हे सुषमाच्या कानावर होतं. सर दोन शब्द बोलू शकले तर फार बरं होईल, असा त्याचा फोन आला होता. रुपालीला भीती वाटत होती. सुषमाला वाटली नाही. जिन्याने खाली उतरेपर्यंत तिचं वाक्य तयार झालं होतं. त्यात ‘शुद्ध’ हा शब्द हवाच होता. महिनाभर तिने दुसरं काही शिकवलं नाही. पाटीवर तीच ओळ, रोज, आधी एकेक शब्द, मग जोडून. ‘शुद्ध’मधला ‘द्ध’ काही सरांच्या जिभेला जमला नाही, तो ‘शुद’च राहिला, आणि तिने तो दुरुस्त केला नाही. वाक्य पाठ झालं त्या दिवशी ती खाटेवर पडल्या पडल्या हॉल डोळ्यांपुढे आणत राहिली. तीच पोरं, आता चाळिशीकडे झुकलेली, पोट सुटलेली, मोबाईल कमरेला. समोर माईक. सर तोंड उघडतील, आणि आधी एकजण हसेल, बहुतेक संपतच, मग ते हसणं बाकांवरून मागे मागे जाईल, आणि सरांना वाटेल की मुलं आपल्यावर खूष आहेत.

मेळाव्याला ती मुद्दाम कडेच्या खुर्चीवर बसली, जिथून स्टेजही दिसत होतं आणि लोकांचे चेहरेही. हार झाले, भाषणं झाली. प्रत्येकाने सांगितलं की सरांनी कधी हात उगारला नाही. संपतने त्यांना धरून माईकपाशी आणलं. सरांनी डाव्या हाताने माईकची दांडी पकडली, खाली बघितलं, घसा दोनदा हलला. मग ती ओळ आली, सावकाश, एकही शब्द न गाळता.

“मला… शुद… बोलता येत न्हाई.”

सुषमा चेहरे बघत होती. ती वाट बघत होती. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका जाड्या माणसाने चष्मा काढला. एक बाई डोळे पुसायला लागली. मग कुठूनतरी टाळी आली आणि सगळा हॉल उभा राहिला, खुर्च्या मागे सरकल्या, टाळ्या थांबेचनात. संपतने माईक घेतला. तो म्हणाला की सरांनी आज एवढ्या आजारपणात आपली बोली बोलून दाखवली, आपल्या सगळ्यांना मान दिला, एवढा मोठा माणूस आन् म्हणतो मला शुद्ध येत न्हाई, ह्याला म्हणायचं मोठेपण. आणि मग त्याने सांगितलं की सरांना पुन्हा बोलतं करणारी बाई आपल्याच वर्गातली आहे, रुपालीवहिनींकडून आत्ता नाव कळलं, आणि चेहऱ्याचं वळण बघून त्याने ओळखलं, ठोंबऱ्यांची सुषी. तिला वर बोलावलं. तिच्या अंगावर शाल घातली. ती सरांच्या शेजारी उभी राहिली, फोटो निघाला, टाळ्या परत सुरू झाल्या, आणि शालीखाली तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता. पुढची सगळी माणसं तिच्याकडे मायेने बघत होती. तिने चार महिने जो खड्डा खणला होता, त्यावर या लोकांनी मांडव घातला होता. सरांकडे तिने बघितलं नाही. तिला त्या सगळ्यांचा, त्यांच्या विसरभोळ्या भरल्या डोळ्यांचा, सरांपेक्षा जास्त संताप आला होता. त्यांनी त्या दिवशी बोटं वर केली होती. त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

सोमवारी ती गेली ती शिकवायला गेली नाही. रुपाली मुलीला घेऊन बाजारात गेली होती, दार लोटलेलं होतं. सर गॅलरीत होते, मांडीवर पाटी तयार. सुषमा खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. ती कोण ते सांगितलं. आई कशी दारात उभी होती, काय बोलली, तिला तीनदा कसं बोलायला लावलं, पोरांनी कशी बोटं वर केली, आई कशी हसली, मरेपर्यंत काय म्हणत राहिली, सगळं. आवाज चढू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं, तो चढला नाही. मग तिने हेही सांगितलं की तुम्हाला जे शिकवलं ते मुद्दाम शिकवलं. मला ‘पाणी’ शिकवता येत होतं. मी ‘पानी’ शिकवलं. हॉलमध्ये तुमचं हसं व्हावं म्हणून ती ओळ शिकवली.

सर ऐकत होते. त्यांचा डावा डोळा हलला नाही. मग त्यांचे ओठ जुळायला लागले.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हे दोन शब्द तिने जोडून कधी शिकवले नव्हते. कधीपासून, तिने विचारलं. तिचा आवाज आता तिच्या ताब्यात राहिला नव्हता.

सरांनी शब्द शोधला. स्टुलाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“पानी,” ते म्हणाले.

म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच शब्दाला. पेला त्यांच्या डोळ्यांसमोर धरला तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं, तिलाही आणि तिच्या हेतूलाही. तेव्हापासून प्रत्येक ‘हाय’, प्रत्येक ‘न्हाई’ त्यांनी जाणून तोंडात घेतलं होतं, गिळलं होतं, परत काढून तिच्या हातात दिलं होतं. माईकपुढेही. तिच्या आत काहीतरी सैल झालं आणि एक गोडी पसरत गेली, खरी, भरपूर, हवी होती तेवढी. मल्हारीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. तिला जे हवं होतं ते तिला रोज मिळत होतं आणि तिला पत्ता नव्हता. ती कठड्याला टेकून उभी राहिली. सर आता आणखी काही बोलतील असं तिला वाटत होतं. चूक झाली, असं काही. ते बोलले नाहीत. मग तिच्या लक्षात आलं की तसा एकही शब्द तिने त्यांना शिकवलेला नाही. माफीचा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. तो असता तर त्यांनी वापरला असता की नाही, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं, आणि ती वाट तिची तिनेच बंद केली होती. गोडी तशीच होती, पण तिच्याखालून थंडी वर येत होती.

“शिकव,” सर म्हणाले.

सबंध सातवीभर या माणसाने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिने मान हलवली. “मी आता येणार नाही,” ती म्हणाली. शब्द स्वच्छ आले, पुस्तकातले. सरांनी विरोध केला नाही. ते पाटीवर वाकले. डाव्या हाताने पेन्सिल धरली आणि ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत लिहायला लागले. तिने पर्स घेतली. उंबऱ्याशी चपला पायात सरकवल्या. मागे बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं. सरांनी पाटी छातीपाशी उभी धरली होती, तिला दिसावी म्हणून.

पाटीवर होतं: शकव.

वेलांटी राहिली होती. काहीतरी राहिलं आहे हे त्यांनाही कळत होतं. ते पाटीकडे बघत, मग तिच्याकडे, मग पुन्हा पाटीकडे, पण काय राहिलं ते त्यांना सापडत नव्हतं. सुषमाचा उजवा हात आपोआप उचलला गेला. अंगठा आणि तर्जनी जुळली, मधे पेन्सिल असल्यासारखी. एक रेघ, डोक्यावरून वळवून खाली आणायची, बस. इतक्या वर्षांत तिने समोर दिसलेली चूक कधी तशी सोडली नव्हती, कुठल्याही मुलाची, दुकानावरच्या पाटीचीसुद्धा. सर थांबले होते.

तिने हात पर्सच्या पट्ट्यावर ठेवला आणि जिना उतरायला लागली.